सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोगलगायी

३ ऑगस्ट, सोमवार

नाही म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही!

विभागप्रमुखानं सकाळी बोलावलं आणि हसत हसत गळ्यात मारलं — नव्या संशोधक मुलांचा तयारीचा वर्ग यंदा माझ्याकडे. "मॅडम, नोंदवही कशी ठेवायची, शोधनिबंध कसा वाचायचा, मुलाखतीत काय बोलायचं, पुढं नोकऱ्या कुठं असतात — जीवशास्त्राच्या या पोरांना हे सांगायला तुमच्याइतका अनुभवी माणूस कुठून आणू?" एकोणीस वर्षं हा वर्ग मी टाळत आले. कधी पाठदुखी, कधी परिषद. यंदा कारणच सुचेना. वर म्हणाला, "सात महिन्यांनी निवृत्त होणार. जाता जाता एवढं करा."

कागद घेऊन घरी आले. दर बुधवारी एक, अशी दहा सत्रं. सातव्याचं नाव — नोंदींतला प्रामाणिकपणा.

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, चहावर साय धरली. लक्ष कुठं आहे?"

५ ऑगस्ट, बुधवार

पहिला वर्ग. नऊ मुलं. नवी दप्तरं, नव्या नोंदवह्या, चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचं तेज अजून उतरलेलं नाही.

विचारलं — दहा वर्षांनी कुठं असाल? एकाला प्राध्यापक व्हायचंय. एकाला औषधांच्या कंपनीत जायचंय, पगारासकट ठरलंय त्याचं. त्याला मी मनात कंपनीवाला म्हणायला लागले. दोघींना परदेश. शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "माहीत नाही." लाजली नाही, ओशाळली नाही. मग पुढच्या प्रश्नालाही तेच. सगळे हसले. मीही हसले. या खोलीत इतक्या वर्षांत एवढं सरळ उत्तर मी ऐकलं नव्हतं.

हसता हसता नजर खिडकीकडे गेली. तिथल्या स्टुलावर कुणी नव्हतं. म्हणजे असायचं कारणच नाही. तरी बघितलंच.

६ ऑगस्ट, गुरुवार

प्रयोगशाळेत मागच्या दारानं गेले. नेहमीसारखीच. पुढच्या दारानं शिरलं की आधी खिडकी दिसते.

१२ ऑगस्ट, बुधवार

अक्षर बघा कसलं येतंय!

आज मुलांना सराव वाटून दिला. विभागातल्या जुन्या नोंदवह्यांमधला एकेक साधा प्रयोग घ्यायचा आणि जसाच्या तसा पुन्हा करायचा. दुसऱ्यानं लिहिलेली नोंद वाचून काम करता येतं का, हे कळतं. त्यातून आपली नोंद कशी लिहावी तेही कळतं. कल्पना माझीच. मामांना — आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याआधीपासून इथं आहेत — नऊ वह्या काढून ठेवायला सांगितल्या होत्या. आठ मीच निवडलेल्या. नववीला वाळवी लागलेली निघाली. मामा म्हणाले, "थांबा, मागच्या कपाटात एक चांगली आहे." आणि घेऊन आले.

निळं कापडी पुठ्ठ्याचं कव्हर. वरचं नाव शाईनं खोडलेलं.

मी ती वही जाळून टाकली असेल, असं का समजत होते? जाळली नव्हती मी. समितीकडे दिली होती, आणि समितीनं ती कपाटात टाकली होती. एवढंच.

माहीतनाहीनं — शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीनं — हात पुढं केला. मी "ही नको" म्हणायला तोंड उघडलं. तोवर वही तिच्या हातात होती. मुलगी पान उलटून म्हणाली, "गोगलगायी! मस्त!"

१३ ऑगस्ट, गुरुवार

लिहूनच टाकते. कुणाला दाखवायचं नाहीये.

वही तिची. खिडकीवालीची. सगळा विभाग तिला तसंच म्हणायचा — टेबल सोडून सारखी खिडकीपाशी, स्टुलावर पाय दुमडून. माझी पहिली डॉक्टरेटची विद्यार्थिनी. पहिली आणि शेवटची. त्यानंतर मी एकही मुलगी घेतली नाही. कुणी विचारलं तर योगायोग म्हणते.

तिचा प्रयोग सोपा होता. तळ्यातली गोगलगाय उकळून गार केलेल्या पाण्यात ठेवायची. त्या पाण्यात हवा कमी, म्हणून ती वर येते आणि अंगावरचं श्वासाचं भोक उघडते. उघडलं की तिथं दातकोरण्यानं हलकेच टोचायचं. अर्ध्या तासात ती शिकते — उघडायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. कमी वेळा उघडलं तर तिच्या लक्षात राहिलं. जास्त वेळा उघडलं तर विसरली. खिडकीवाली म्हणाली, सकाळी शिकवलेल्या लक्षात ठेवतात, संध्याकाळी शिकवलेल्या विसरतात. आकडे फार सुबक होते. फारच. आणि मी त्याच वर्षी भर परिषदेत सांगून आले होते, की वेळेनं काही फरक पडत नाही.

आकडे बनवलेत, असं मी विभागाच्या चौकशी समितीला सांगितलं. मी स्वतः तोच प्रयोग तीन आठवडे करून पाहिला, फरक दिसला नाही, असं लेखी दिलं. दोन ओळी. तिला काढलं. शेवटच्या दिवशी ती माझ्या दारात उभी राहिली, काही बोलली नाही, आणि गेली.

बस्स. झालं लिहून.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

लिहून काही हलकं वाटलं नाही.

१९ ऑगस्ट, बुधवार

आजचा वर्ग — नोकरीचा अर्ज कसा लिहावा. मी सांगत होते, "जे केलं तेवढंच लिहा. न केलेलं एक वाक्यसुद्धा मुलाखतीत उघडं पडतं." बोलता बोलता मधेच थांबले. पाणी प्यायले. कंपनीवाल्यानं विचारलं, "थोडं फुगवून लिहिलं तर चालतं ना, मॅडम? सगळेच फुगवतात." बाकीचे माझ्याकडे बघायला लागले. मी विषय बदलला!

खाली आले तर माहीतनाहीच्या बरण्या मांडून झालेल्या. टेबलावर जागा नाही म्हणून खिडकीत. कवचांवर नेलपॉलिशचे ठिपके — सकाळच्या लाल, संध्याकाळच्या निळ्या. ती स्टुलावर बसलेली. पाठमोरी. पाय दुमडून.

जिन्यात जाऊन जरा वेळ बसले.

२३ ऑगस्ट, रविवार

भोक उघडताना अगदी बारीक आवाज होतो. टक्. कान दिला तरच ऐकू येतो. आज भाजी निवडताना ऐकू आला. स्वयंपाकघरात!

वहिनी म्हणाल्या, नळ गळतोय. नळ गळत नव्हता.

२७ ऑगस्ट, गुरुवार

आलं!

चोवीस गोगलगायी. लाल ठिपक्यांच्या बारापैकी दहांच्या लक्षात राहिलं. निळ्यांपैकी फक्त दोघींच्या. जवळजवळ तेच आकडे. माहीतनाही धावतच आली, केस विस्कटलेले, बोटांना शेवाळाचा वास. "मॅडम, जुळलं! ही नोंदवही कुणाची आहे? नाव कुणी खोडलंय? त्यांना कळवायला नको का?"

मी म्हटलं, बघते.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

प्रमुखाला आकडे दाखवले. खूष झाला. "निबंध होईल याचा, मॅडम! निवृत्तीआधी एक झकास निबंध!" मग मी निळी वही त्याच्यापुढं ठेवली. तेव्हाच्या समितीत तो सगळ्यांत धाकटा होता. तिला काढायच्या निर्णयाखाली सही त्याचीही आहे. वहीला हातही न लावता म्हणाला, "तेव्हा आपल्याला जे दिसलं त्यावर निर्णय घेतला. तुम्ही स्वतः करून पाहिलं होतं ना? झालं तर मग."

झालं तर मग!

३० ऑगस्ट, रविवार

आज जे घडलं ते लिहिताना मला लाज वाटते आहे — कागदाचीसुद्धा.

वहिनी मोड आलेली मटकी निवडत होत्या. मी न राहवून सगळं सांगितलं. कसं झालं, काय झालं, मुलीचे आकडे कसे जुळले. त्या ऐकत होत्या. मधेच म्हणाल्या, "कधीचं म्हणालात हे?"

मी वर्ष सांगितलं. महिना सांगितला.

त्यांचा हात थांबला. "वन्सं, त्या महिन्यात तुम्ही कुठला प्रयोग केलात? हे दवाखान्यात होते तेव्हा. तुम्ही रोज सकाळी आठला यायचात आणि माझ्याबरोबरच घरी परतायचात. कॉलेजात दोन वेळा गेलात फक्त — एकदा पगारपत्रकावर सही करायला आणि एकदा त्या मीटिंगला. मला चांगलं आठवतं. बाकड्यावर माझ्या शेजारी कोण बसायचं मग?"

माझा भाऊ त्याच महिन्याच्या अखेरीला गेला. तेव्हापासून वहिनी आणि मी एकत्र राहतो. या बाईला त्या एकवीस दिवसांतला प्रत्येक दिवस पाठ आहे.

मी प्रयोग केलाच नव्हता.

एकही गोगलगाय बरणीत ठेवली नाही. इतकी खात्री होती की करायची गरजच वाटली नाही. आणि वेळ नव्हता. आणि भाऊ मरत होता. आणि परिषदेतला माझा शब्द राहायला हवा होता. यातलं खरं कारण कुठलं, ते मला आजही ठरवता येत नाही. दोन ओळी लिहून दिल्या. इतक्या वेळा सांगितल्या की मला त्या बरण्या दिसायलासुद्धा लागल्या होत्या. तेरा तारखेला इथं, या वहीत, जिथं कुणी वाचणार नाही तिथंही मी तेच लिहिलं. मागं जाऊन वाचलं. खाडाखोड नाही. एका दमात लिहिलंय.

वहिनी मटकी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या पोरीला आई होती का हो?"

मला ते माहीत नव्हतं. चार वर्षं माझ्या हाताखाली होती.

१ सप्टेंबर, मंगळवार

मामांना विचारलं, खिडकीवालीचा काही पत्ता? ते झाडू टेकवून उभे राहिले. "आहे की. गावाच्या त्या टोकाला पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात. पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे त्यांची, तिथली मुख्य आहे ती. माझ्या मुलीला शाळेत असताना गणित तिनंच शिकवलं, दोन वर्षं, रविवारी घरी येऊन."

"मामा, तुम्ही कधी बोलला नाहीत!"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, मॅडम."

५ सप्टेंबर, शनिवार

जाऊन आले.

लांबट इमारत, टाक्यांच्या मागं. आत स्वच्छ, पांढऱ्या फरशा, रांगेनं बाटल्या, प्रत्येकीवर तारीख आणि वेळ. चार तरुण मुलं काम करत होती आणि ती त्यांच्यामधून फिरत होती. केस बरेच पिकलेत. मला बघून थबकली. मग एका मुलाला म्हणाली, "हे तू मोज, मी येते," आणि मला शेजारच्या खोलीत घेऊन गेली. खुर्ची दिली. पाणी दिलं. मला वाटलं होतं, ओळखणार नाही. किंवा हाकलून देईल. हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

मी आधी आकड्यांचं सांगितलं. बारापैकी दहा, बारापैकी दोन. ती टेबलाची कड धरून ऐकत होती. मी थांबले तशी म्हणाली, "पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. तिनं डोळे मिटून घेतले.

"मॅडम, तुम्ही इतक्या ठामपणे म्हणाला होतात, की मलाच वाटायला लागलं — माझं कुठंतरी चुकलंय. मी खोटं लिहिलं नाही, हे मला ठाऊक होतं. आणि तरी आंघोळ करताना, बसमध्ये, मध्येच शंका यायची. लिहिलं तर नसेल ना? एकोणीस वर्षं, मॅडम. अजूनही मी इथं एक नमुना तीन-तीनदा तपासते. ही पोरं हसतात मला."

मग ती हसली. आणि हसता हसता रडली. म्हणाली, "बरं झालं तुम्ही आलात. आज जेवण जाईल मला."

तेव्हा मी उरलेलं सांगितलं. मी प्रयोग केला नव्हता.

मला वाटलं, आता ती ओरडेल. ती रुमालानं डोळे पुसत म्हणाली, "ते मला माहीत होतं."

"कसं?"

"गोगलगायींना पाला कोण घालत होतं? ते तीन आठवडे रोज मीच जात होते. टाकीला कुणी हात लावला नव्हता. मामांनाही माहीत होतं."

"मग समितीला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? मॅडम खोटं बोलतात? माझं कोण ऐकणार होतं! शिवाय त्या दिवशी सांगायला म्हणून मी तुमच्या दारात आले होते. तुमच्या भावाला जाऊन चार दिवस झाले होते. तुमचा चेहरा बघितला आणि परत फिरले." मग रुमालाची घडी घालत म्हणाली, "तुमची दया आली म्हणून मी गप्प बसले, हे मला अजूनही आवडत नाही. त्या दिवशी बोलायला हवं होतं."

मी माफी मागायला लागले तर हात वर केला. "ते राहू द्या. ते मला नको आहे. आकडे खरे निघाले, तेवढं पुरे."

फाटकापर्यंत सोडायला आली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

९ सप्टेंबर, बुधवार

प्रमुखाला पत्र दिलं. सगळं लिहिलं, तारखांसकट. वाचून त्यानं घडी घातली आणि माझ्याकडे परत सरकवलं. "मॅडम, सात महिन्यांचे सहा राहिलेत. कशाला उकरून काढताय? तुमची पेन्शन, माझी सही, विभागाचं नाव—"

पत्र टेबलावर तसंच सोडून आले. एक प्रत कुलसचिवांकडे आधीच टपालानं गेली आहे. हे त्याला सांगितलं नाही. कळेल.

वहिनींना सांगितलं. "आता जेवा," म्हणाल्या.

१६ सप्टेंबर, बुधवार

सातवं सत्र. कागदावरचं काही शिकवलं नाही. उभं राहून सांगितलं, जसं घडलं तसं. पंधरा मिनिटं लागली. एवढं मोठं ओझं आणि सांगायला पंधरा मिनिटं!

परदेशवाल्यांपैकी एकीनं हळूच विचारलं, "हे परीक्षेला आहे का?" कुणी हसलं नाही. तिची चूक नाही. आम्हीच यांना असं घडवतो.

कंपनीवाला खाली मान घालून बसला होता. वर्ग सुटल्यावर टेबलाशी आला, त्याचा अर्ज काढून माझ्यासमोर दोन ओळींवर काट मारली आणि गेला.

माहीतनाही मागं थांबली होती. तिचा चेहरा उतरलेला. मला वाटलं, आता म्हणेल, तुमच्या हाताखाली काम करायचं नाही. तसं म्हणाली असती तर मी तिला बरोबरच म्हटलं असतं.

"मॅडम, एक सांगू? मी मोजत होते तेव्हा मला माहीत होतं, लाल कुठली आणि निळी कुठली. आणि वहीत काय लिहिलंय तेही वाचलं होतं. भोक अर्धवट उघडलं की धरायचं की नाही, ते मीच ठरवत होते."

"मग?"

"मला पुन्हा करायचंय. ठिपके नकोत, नुसते आकडे. यादी मामांच्या खिशात. मोजायला कंपनीत जाणारा तो — त्याला काहीच माहीत नाही, कोणती कधी शिकवली ते."

मी म्हटलं, कर. मनात म्हटलं, कशाला करतेस, बाई!

२१ सप्टेंबर, सोमवार

कुलसचिवांचं पत्र आलं. चौकशी होईल. प्रमुख जिन्यात समोरून आला आणि भिंतीकडे बघत गेला.

झोप मात्र लागली. पुष्कळ दिवसांनी.

२८ सप्टेंबर, सोमवार

पाच वाजता माहीतनाही दारात. मागं मामा, हातात यादी. मामांनी चष्मा चढवून एकेक आकडा जुळवला. सकाळच्या बारापैकी सहा. संध्याकाळच्या बारापैकी सहा.

फरक नाही.

"दोनदा केलं, मॅडम. पहिल्या, ठिपक्यांच्या वेळी मला जे हवं होतं तेच मी बघितलं," ती म्हणाली. रडवेली झाली होती. "लिहू?"

मला म्हणायचं होतं, नको. कुणाला कळणार आहे!

"लिही," म्हटलं.

एकोणीस वर्षांपूर्वी मी न बघता जे खोटं लिहिलं, ते कदाचित खरं होतं. आणि तिथं त्या टाक्यांमागं ती बाई तीन आठवडे झाले सुखानं जेवते आहे.

शनिवारी तिला हे सांगायला पुन्हा जायचं आहे.